बान्ह बेओची खळी कुठे हरवते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्य व्हिएतनाममधील ह्वे शहरात आपण ‘बान्ह बेओ’ हा छोट्या वाट्यांत वाफवलेला तांदळाचा पदार्थ खाल्ला आणि घरी परतल्यावर बाजारातले तांदळाचे पीठ आणून मोदकपात्रात तो तीनदा करून पाहिला. पहिल्यांदा तो वाटीला चिकटून त्याची खळ झाली, दुसऱ्यांदा तो वातड झाला, आणि तिसऱ्यांदा पीठ रात्रभर भिजवून ठेवल्यामुळे आंबूस लागला. मधोमध पडायला हवी ती खळी मात्र एकदाही पडली नाही. मोदकाची पिठी चालेल का, आणि मासळीवाचून व डुकराच्या मांसावाचून हा पदार्थ करता येईल का, हेही आपण विचारले आहे.

मी सहा वर्षे दा नांग येथील एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम केले आणि सुट्टीच्या दिवशी ह्वे येथे जाऊन एका वृद्ध विक्रेतीकडे हा पदार्थ शिकले. तिला मी ‘ओ’ म्हणत असे. ह्वेच्या बोलीत हा शब्द आत्येसाठी वापरतात आणि बाजारातल्या अनोळखी बाईलाही त्याच नात्याने हाक मारतात. पहिल्या दिवशी मी तिच्याकडे वरच्या कोळंबीच्या चुऱ्याची कृती मागितली, तेव्हा तिने ती सांगितलीच नाही आणि मला पीठ ढवळायला बसवले. त्यामागचे कारण मला पुढे कळले. बान्ह बेओत वरचा साज कोणालाही साधतो. बिघडते ते खालचे, म्हणजे तांदूळ, पाणी आणि वाफ यांचे गणित. आपल्या तिन्ही फसलेल्या प्रयत्नांचे मूळ तिथेच आहे, म्हणून उत्तराचा मोठा भाग मी त्यालाच देणार आहे.

आधी नावाविषयी दोन शब्द. ‘बान्ह’ या शब्दात व्हिएतनामी लोक पिठाचे जवळजवळ सगळेच प्रकार बसवतात: पाव, पोळी, केक, वाफवलेली पुडी, इतकेच काय ‘फो’ या सूपमधल्या चपट्या शेवयासुद्धा. गाडीच्या चाकालाही ते ‘बान्ह से’ म्हणतात, त्यामुळे गोल वड्यांपुरता हा शब्द आपण समजू लागलो की फसतो. ‘बेओ’ म्हणजे तळ्यावर तरंगणारी वनस्पती. आपल्याकडच्या नद्या ज्या जलपर्णीने भरतात तिलाही तिथे एक प्रकारचा बेओच म्हणतात, आणि पूर्वी ही झाडे डुकरांना खायला घालत असल्याने ‘बेओसारखे स्वस्त’ असा वाक्प्रचार त्या भाषेत पडला. वाटीतली पातळ, गोल, पांढरी चकती पाण्यावरच्या पानासारखी दिसते, म्हणून हे नाव. अलीकडच्या बोलीत नाजूकपणाचा फार आव आणणाऱ्या मुलीलाही गमतीने ‘बान्ह बेओ’ म्हणतात. पदार्थाच्या मऊपणावरची ही कोटी मला फारशी आवडत नाही, पण ती सर्रास ऐकू येते.

ह्वे ही न्गुयेन घराण्याची १८०२ ते १९४५ या काळातील राजधानी होती, म्हणून तिथला प्रत्येक छोटा, देखणा पदार्थ थेट राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून आला असे सांगण्याची प्रवाशांच्या वाटाड्यांना सवय आहे. बान्ह बेओबाबत मी तसे म्हणणार नाही. तांदूळ, पाणी, पातीचा कांदा आणि जवळच्या ताम जांग खाजणातली कोळंबी एवढ्यावर उभा असलेला हा पदार्थ गरिबाच्या चुलीवरही सहज होतो. हे खाजण सुमारे ७० किलोमीटर किनाऱ्याला समांतर पसरलेले आहे आणि ह्वेच्या बाजारातली कोळंबी व लहान मासळी तिथूनच येते. राजधानीच्या वळणाचा ठसा असलाच तर तो वाढण्याच्या रीतीवर आहे: एकेक घासाच्या वाट्या, तबकात ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत सारखाच चिमूटभर साज. शहराच्या दक्षिणेला असलेल्या न्गू बिन्ह टेकडीच्या पायथ्याचा बान्ह बेओ विशेष नावाजलेला आहे.

आता तांदूळ. मोदकाची पिठी चालेल का, याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मोदकाला आंबेमोहोरासारखा मऊ आणि चिकट तांदूळ लागतो, कारण उकड मळता यावी, तिची पारी पातळ व्हावी आणि कळी पाडताना ती चिरू नये, अशी आपली अपेक्षा असते. बान्ह बेओची अपेक्षा नेमकी उलटी आहे. त्याचे पीठ ओतण्याइतके पातळ असते, आणि इतक्या पाण्यातही ते वाफेवर घट्ट धरून चमच्याने अखंड सुटून यायला हवे. हे काम तांदळातील अमायलोज नावाचा घटक करतो. स्टार्चच्या या सरळ साखळ्या शिजल्यावर दाण्याबाहेर येतात आणि थंड होताना एकमेकींना धरून जाळे विणतात. ज्या तांदळात त्यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांच्या वर असते त्याचा भात मोकळा होतो आणि त्याच्या पिठाची वडी पडते. चिकट तांदळात हे प्रमाण कमी असते, त्यामुळे त्याचे पातळ पीठ कितीही वाफवले तरी खळच राहते. आपला पहिला प्रयत्न कशामुळे फसला असावा, याचा अर्धा उलगडा इथे होतो.

महाराष्ट्रात मिळणाऱ्या तांदळांपैकी मी जुना कोलम वापरते, निदान वर्षभर ठेवलेला. व्हिएतनाममध्येही या कामासाठी जुनाच तांदूळ मागतात, कारण ठेवणीत दाणा कोरडा आणि कणखर होतो, शिजताना जास्त पाणी पितो आणि कमी चिकटतो. आपल्याकडे भातासाठी जुन्या तांदळाचे कौतुक होते त्याचेही कारण हेच आहे. इंद्रायणी, आंबेमोहोर आणि नवा तांदूळ वर्ज्य समजावेत. इडलीसाठी मिळणारा उकडा तांदूळही घेऊ नये. तो गिरणीत एकदा शिजून वाळलेला असतो आणि त्याच्या पिठाला हवी ती गुळगुळीत वीण येत नाही.

बाजारातले कोरडे दळलेले पीठ हे दुसरे संकट आहे. कोरड्या दळणात दाणे चिरडले जातात, काही कण रव्यासारखे जाड राहतात आणि प्रत्येक कण वेगळ्या वेगाने पाणी शोषतो. भाकरीला ते चालते, इथे नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात तांदळाच्या फेण्या किंवा सालपापड्या करतात, त्या ज्यांनी केल्या असतील त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, ओलेच वाटलेले ते दुधासारखे पीठ ताटलीवर पातळ पसरून वाफवतात आणि फेणी अखंड सोलून काढतात. बान्ह बेओ हा त्याच कुळातला पदार्थ आहे. फरक एवढाच की फेणी वाळवण होते आणि हा वाटीतच गरम खाल्ला जातो. म्हणून कृती शिकवताना मी इडली किंवा सान्नाची उपमा देत नाही, फेणीची देते. इडली आंबवून फुगवायची असते आणि सान्नाला माडीने जाळी आणायची असते. बान्ह बेओत हवेचा एकही बुडबुडा नको आणि आंबटपणा तर मुळीच नको.

२०० ग्रॅम तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुऊन सहा ते आठ तास भिजवावा. आपल्याकडच्या हवेत रात्रभर ठेवायचा असल्यास तो फ्रिजमध्ये ठेवावा किंवा मध्ये एकदा पाणी बदलावे. आपला तिसरा प्रयत्न आंबला तो एवढ्याच हलगर्जीपणाने. भिजलेला तांदूळ उपसून मिक्सरमध्ये थोड्या पाण्यात अगदी गंधासारखा वाटावा. बोटांच्या चिमटीत रवाळ लागला तर पुन्हा फिरवावा, आणि भांडे तापू लागले तर थांबावे. नंतर ते पातळ मलमलीतून गाळावे.

पाण्याचे माप मी वाटीने सांगत नाही, वजनाने सांगते, कारण भिजलेल्या तांदळाने किती पाणी प्यायले आहे हे डोळ्यांना दिसत नाही आणि सगळा घोटाळा तिथे होतो. कोरडा तांदूळ २०० ग्रॅम असेल तर वाटून, गाळून, पाणी घालून तयार झालेल्या पिठाचे एकूण वजन ८०० ग्रॅम भरले पाहिजे, म्हणजे तांदळाच्या चौपट. यात २० ग्रॅम टॅपिओका स्टार्च मिसळावे, चिमूटभर मीठ आणि चहाचा एक चमचा बिनवासाचे तेल घालावे. टॅपिओका म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याचेच सत्त्व. त्याने चकतीला किंचित लवचीकपणा आणि काचेसारखी झाक येते. ‘किंचित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुष्कळ जणी चिकटण्याच्या भीतीने ते ६०-७० ग्रॅम घालतात आणि मग रबर चावत बसतात. आपला दुसरा प्रयत्न मला याच जातीचा वाटतो. घरचा साबुदाणा दळून त्याऐवजी वापरण्याचा मोहही टाळावा. साबुदाण्याचे दाणे कारखान्यात तयार होताना अर्धवट शिजलेले असतात आणि त्यांचे पीठ पाण्यात पडताच फुगून मिश्रण घट्ट करते.

यानंतरची पायरी पाककृतींतून बहुधा गाळली जाते, आणि मला ओने पहिल्या दिवशी नेमके तेच काम दिले होते. तयार पीठ तीन-चार तास न हलवता निवळू द्यावे. पांढरा थर खाली बसतो आणि वर निवळ येते. ती अलगद ओतून टाकावी आणि ओतलेल्या पाण्याइतकेच ताजे पाणी परत घालावे. कुरडयांच्या गव्हाच्या चिकावरची निवळ आपण काढतो, तोच हा हिशेब: आंबटपणाची सुरुवात, कच्च्या तांदळाचा वास आणि सुटलेले बारीक भुसकट त्या पाण्याबरोबर जाते आणि चकतीचा रंग पांढराशुभ्र येतो. हे काम घाईच्या दिवशी टाळले तर पदार्थ बिघडत नाही, पण शेजारी शेजारी ठेवून खाल्ल्यास फरक कळल्याशिवाय राहत नाही.

परत घालायचे पाणी उकळते असावे. साधारण २५० मिलिलिटर निवळ काढली असेल तर तेवढेच खळखळते पाणी बारीक धारेने, एका हाताने सतत ढवळत, पिठात सोडावे. एकूण मिश्रणाचे तापमान यामुळे ५० अंशांच्या आसपास येते. तांदळाचे स्टार्च ६५ अंशांच्या पुढे खऱ्या अर्थाने फुगू लागते, त्यामुळे पीठ शिजत नाही. पण धार जिथे पडते तिथल्या क्षणभराच्या चटक्याने थोडे स्टार्च उमलते आणि मिश्रणाला पातळ पेजेसारखा दाटपणा येतो. या दाटपणाचा उपयोग असा की पीठ लवकर तळाला बसत नाही. उकडीत आपण सगळे पीठ उकळत्या पाण्यात टाकून पूर्ण चटका देतो. इथे अर्धामुर्धा चटका हवा असतो. ढवळणारा हात थांबला तर गाठी होतात. झाल्याच तर पीठ पुन्हा गाळून घ्यावे, मिक्सरमध्ये फिरवून हवा भरू नये.

आता वाटी, वाफ आणि खळी. ह्वेमध्ये या खळीला ‘स्वाय’ म्हणतात. हा शब्द पाण्यातल्या भोवऱ्याचा आहे आणि डोक्यावरच्या केसांच्या भोवऱ्यालाही तोच शब्द आहे, अगदी मराठीतल्यासारखा. जाणकार गिऱ्हाईक साज बाजूला करून आधी भोवरा बघते, आणि त्याचे बरोबर आहे. पीठ तापलेल्या वाटीत पडले की कडेचा आणि तळाचा भाग आधी धरतो आणि वाटीच्या भिंतीला चिकटून त्या उंचीवर थांबतो. मधले पीठ अजून पातळ असते. तेही कडेकडे ओढले जाते आणि उरलेले शेवटी, खालच्या पातळीवर धरते. अशी खळी पडते. यावरून लक्षात येईल की वाटी थंड असेल तर कड आणि मध्य एकाच वेळी शिजतात आणि चकती सपाट होते; पीठ घट्ट असेल तर ते सरकतच नाही; वाफ मंद असेल तरी तोच परिणाम होतो; आणि वाटीला तेल जास्त लावले असेल तर कडेला पकड मिळत नाही. ओ वाट्यांना तेल लावतच नसे. घरी नवशिक्याने कापसाच्या बोळ्याने नुसता हात फिरवल्याइतके लावावे.

वाटी रुंद आणि उथळ असावी, तोंडाशी सहा-सात सेंटिमीटर आणि दीडेक सेंटिमीटर खोल. तिथे चिनी मातीच्या ‘चेन’ वापरतात. आपल्याकडे लोणच्याच्या चपट्या चिनी वाट्या उत्तम. पातळ स्टीलच्या वाट्या चालतात, पण त्या पीठ पडताच गार होतात, म्हणून त्यांना वाफ आणखी जोरकस लागते. चटणीच्या खोल, उभट वाट्या मात्र नकोत. रिकाम्या वाट्या मोदकपात्राच्या चाळणीवर मांडून, झाकण लावून, पाच मिनिटे कडकडीत तापवाव्यात. झाकणाला पंचा गुंडाळावा, नाहीतर वाफेचे थेंब चकतीवर पडून तिला देवीचे वण आल्यासारखे दिसते. झाकण काढून प्रत्येक तापलेल्या वाटीत एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर पीठ ओतावे; त्याची जाडी अर्धा सेंटिमीटर भरते. याहून जाड ओतण्याचा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो. ओतताना हात चपळ हवा, कारण पहिली आणि शेवटची वाटी यांत अर्ध्या मिनिटाहून जास्त अंतर पडले तर पहिल्या वाटीची वाफ निघून जाते. प्रत्येक वाटीआधी पीठ तळापासून ढवळणे ही सक्तीची गोष्ट समजावी. नाहीतर सुरुवातीच्या वाट्यांत पाणी आणि शेवटच्या वाट्यांत चुना, असा प्रकार होतो. एकाच खेपेत एक वाटी चिकट आणि दुसरी वातड निघण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

प्रखर आचेवर पाच ते सहा मिनिटे पुरतात. दुधाळ रंग जाऊन चिनी मातीसारखी निळसर झाक आली, कडा वाटीपासून केसभर सुटल्या, की झाले. खळीत वाफेचे चार थेंब साचले असतील तर वाटी कलती करून ते काढून टाकावेत. वाट्या बाहेर काढून निदान पाच मिनिटे तशाच ठेवाव्यात. गरम चकतीला चमचा लावला की ती चिकटणारच, कारण अमायलोजचे जाळे थंड होतानाच विणले जाते. आपल्या पहिल्या प्रयत्नातल्या चिकटपणाचा उरलेला अर्धा दोष या अधीरपणाचा असू शकतो. वर दिलेल्या मापात पन्नासेक वाट्या होतात. हा आकडा मोठा वाटला तरी घाबरू नये; चार माणसे बसली तर प्रत्येकी डझनभर सहज संपतात.

साजाकडे वळते. ह्वेमध्ये वर पडतो तो ‘तोम चेय’, म्हणजे कोळंबीचा कोरडा, कापसासारखा चुरा. ताजी कोळंबी वाफवून, सोलून, खलबत्त्यात कुटतात आणि मंद आचेवर कढईत सतत परतत तिचा भुगा मोकळा करतात. कोकणच्या किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी मी इथे आनंदाने सोडे सुचवते, कारण सुकवलेल्या कोळंबीचा चुरा व्हिएतनामातही याच कामी वापरतात. सोडे निवडून, कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवून, कोरडे टिपून, मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावेत आणि चमचाभर तेलावर मंद आचेवर परतावेत. त्यांच्यात आधीच खारटपणा असतो, म्हणून चाखल्यावाचून मीठ घालू नये. घर दरवळेल, शेजाऱ्यांचे पाहून घ्यावे. जवळा घेऊ नये, त्याचा चुरा कडवट होतो.

त्याखाली ‘मो हान्ह’, म्हणजे पातीच्या कांद्याचे तेल: हिरवी पात बारीक चिरून, चिमूटभर मीठ घालून, त्यावर धूर येण्याच्या बेतात तापलेले तेल ओतायचे, बस. मूळ प्रकारात डुकराची चरबी वापरतात. शेवटी काहीतरी कुरकुरीत लागते आणि तिथे डुकराच्या चरबीचे किंवा कातडीचे तळलेले तुकडे घालतात. डुकराचे मांस नको असेल तर पावाचे बारीक तुकडे तळून घालावेत. ही माझी तडजोड नाही. दक्षिणेकडच्या बिन्ह दिन्ह भागात बान्ह बेओवर असे पावाचे तुकडे घालण्याची रीतच आहे. तळलेला कांदा वाटेल तेवढा घालू नये, त्याचा गोडवा सगळ्यावर बसतो.

चकती मुद्दामच फिकी ठेवलेली असते. तिला चव येते ती वरून ओतायच्या ‘नुओक माम’च्या पाण्याने. नुओक माम म्हणजे मासळी आणि मीठ मोठ्या पिंपांत साधारण वर्षभर मुरवून काढलेला अर्क. फू क्वोक बेटावरचा अर्क अँकोव्हीसारख्या छोट्या माशांपासून करतात आणि त्याच्या नावाला २०१२ मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक संरक्षण दिले. बाटलीवर ३०, ३५, ४० असे आकडे असतात, ते दर लिटरमधील नायट्रोजनचे ग्रॅम असतात; आकडा जितका मोठा तितका अर्क दाट. आपल्याला ३० पुरेसा आहे. हा अर्क कधीही नुसता ओतू नये. ह्वेची पद्धत अशी की कोळंबीची टरफले आणि डोकी थोड्या पाण्यात दहा मिनिटे उकळून गाळतात. त्या २०० मिलिलिटर पाण्यात तीन मोठे चमचे अर्क आणि तेवढीच साखर विरघळवून एक कढ आणावा आणि थंड झाल्यावर हिरव्या मिरचीच्या पातळ चकत्या टाकाव्यात. लिंबू आणि लसूण घातलेला प्रकार सगळीकडे दिला जातो, पण या पदार्थावर मला तो भडक वाटतो. चमच्याने पिता येईल इतके हे पाणी सौम्य असले पाहिजे, कारण खळी भरेल इतके ते प्रत्येक वाटीत पडते.

मासळीवाचून करायचे असल्यास त्यासाठी नवे काही शोधावे लागत नाही. ह्वे हे बौद्ध मठांचे शहर आहे, आणि चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी तिथली कित्येक घरे ‘चाय’, म्हणजे शाकाहारी जेवण घेतात. त्या दिवशीच्या बान्ह बेओवर साल काढलेली मूगडाळ वाफवून, कुस्करून, थोड्या तेलावर कोरडी परतून घालतात. सोबत बारीक चिरलेले मश्रूम आणि गाजर असते. कडक नियम पाळणारे लोक कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी घरे अजून आहेत, त्यांना हा प्रकार जसाच्या तसा चालेल. पाण्यासाठी मश्रूमच्या देठांचे किंवा अननसाच्या फोडींचे पाणी उकळून त्यात सोया सॉस, साखर आणि मीठ घालावे. मूगडाळ भिजवून वाफवावी, कुकरमध्ये गरगट शिजवू नये. तिचा चुरा सोड्यांच्या चुऱ्यासारखाच मोकळा उतरला पाहिजे.

आपण पाहिलेला बान्ह बेओ आणि मित्रमंडळींनी सांगितलेला बान्ह बेओ यांत तफावत आढळेल, याची आधीच कल्पना देते. ह्वेहून दक्षिणेला होई आन आणि क्वांग नाम भागात वाटी मोठी व चकती जाड असते आणि वर कोरड्या चुऱ्याऐवजी कोळंबी व मांसाचा दाट रस्सा ओततात. आणखी दक्षिणेला मूगडाळ आणि नारळाचे दूध येते, तिथे गोड प्रकारही होतो. उत्तरेच्या हाय फाँग बंदरात याच नावाने मिळणारी वस्तू केळीच्या पानाच्या होडीत वाफवलेली, आत मांसाचे सारण असलेली असते; तिचा वरील कृतीशी संबंध नावापुरताच आहे. आपण ह्वेमध्ये खाल्ला असल्याने मी ह्वेचाच लिहिला.

खाताना चमच्यापेक्षा बांबूची चपटी, पातळ तासलेली पट्टी बरी पडते. खळीत पाणी ओतून, पट्टीने चकतीला कडेने एक फेरा द्यावा, मधून आडवी-उभी चीर पाडावी आणि एका घासात पाण्यासकट उचलावी. उरलेल्या वाट्या फ्रिजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशी टणक होतात, शिळ्या भातासारख्याच आणि त्याच कारणाने. साज न घालता ठेवलेल्या असतील तर तीन-चार मिनिटे वाफ देताच त्या पुन्हा मऊ होतात. उरलेले कच्चे पीठ मात्र ठेवू नये. त्याला एकदा उकळत्या पाण्याचा चटका बसलेला असतो, आणि असे पीठ आपल्याकडच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. त्यापेक्षा त्याच दिवशी ताटलीवर पातळ पसरून वाफवावे आणि फेण्या घालाव्यात.